युरोपचा इतिहास वाचणारा मराठी विद्यार्थी : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

कुकडी नदीच्या काठी वसलेले ओझर हे गाव अष्टविनायकांतील विघ्नहरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर केला, असे परंपरा सांगते. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आला, तेव्हा वसईच्या ख्रिस्ती गावांचे आणि जुन्नरच्या मुलखातील या गावाचे नाते युरोपच्या एका राजसत्तेच्या पराभवाने जोडले गेले. युरोपचा राजकीय इतिहास हा सातासमुद्रापलीकडचा, केवळ परीक्षेपुरता विषय आहे, असे आपल्या विद्यार्थ्यांना वाटते. २०२० साली आलेल्या बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे अशी प्रकरणे आहेत. ओझर, नारायणगाव, जुन्नर येथील मुले काय किंवा वसईची मुले काय, सनावळ्या पाठ करण्यातच दमून जातात. परीक्षेसाठी हाच विषय वाचून ज्याने त्याचा पुढे आयुष्यभर उपयोग केला, आणि त्यापायी विद्यार्थिदशेतच शिक्षाही भोगली, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र म्हणूनच येथे सांगावेसे वाटते.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण कोल्हापुरात गेले. मूल उशिरा बोलू लागले. ते अबोल, काहीसे मंद दिसे, त्यामुळे घरच्यांना त्याची काळजीच वाटे. कोल्हापूरच्या शाळेतून हा मुलगा पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. त्या परीक्षेत अवघे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे होते आणि पुढे संस्कृत पंडित म्हणून जगभर नाव झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ साली विद्यापीठाने आपले पहिले पदवीधर बाहेर पाठवले, ते चार जण: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पुढे रानड्यांनी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्य मिळवले आणि १८६६ साली कायद्याची पदवी घेतली.

या परीक्षांचा अभ्यास म्हणजे काय होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. मार्गदर्शके नव्हती, आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नव्हत्या. समोर होते ते गिबन, ह्यूम, मेकॉले यांच्यासारख्या इतिहासकारांचे जाडजूड ग्रंथ, तेही परक्या भाषेत. रानडे एकेक ग्रंथ मुळापासून वाचत. या वाचनाने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. पुढील आयुष्यात वर्तमानपत्रे व पुस्तके त्यांना इतरांनी वाचून दाखवावी लागत आणि हे काम बरीच वर्षे त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज जे आपण इटलीचे व जर्मनीचे एकीकरण म्हणून पुस्तकात वाचतो, ते रानड्यांच्या विद्यार्थिदशेत चालू वर्तमान होते. ते प्रवेश परीक्षा देत होते त्या वर्षी इटलीत ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पेटले होते. १८६१ साली इटलीचे राज्य घोषित झाले आणि रशियात भूदासांना मुक्ती मिळाली. ते पदवीधर झाले त्याच वर्षी प्रशियाची सूत्रे बिस्मार्ककडे आली. पुस्तकातला युरोप आणि आगबोटीच्या टपालातून येणारा युरोप असे दोन युरोप या तरुणापुढे एकदमच उभे होते.

अशा तरुणाने स्वतःच्या देशाकडेही त्याच नजरेने पाहिले, यात नवल ते काय? महाविद्यालयात असताना त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांची राज्यपद्धती आणि इंग्रजांची राज्यपद्धती यांची तुलना होती व तुलनेत इंग्रजी राज्याला उणेपणा आलेला होता. सर अलेक्झांडर ग्रँट हे त्या वेळी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ग्रँट हे विद्वान गृहस्थ, ॲरिस्टॉटलचे अभ्यासक, आणि रानड्यांच्या बुद्धीचे चाहते. त्यांनी या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि जे सरकार तुम्हाला शिकवते त्याचीच निंदा करणे योग्य नव्हे, अशा अर्थाची समज दिली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद करण्यात आली.

मुंबईत राहून शिकणाऱ्या तरुणाला शिष्यवृत्ती म्हणजे खाणावळीचा आणि पुस्तकांचा खर्च. तरीही रानड्यांनी आपल्या गुरूविषयी मनात अढी धरली नाही. पुढेही ते ग्रँट यांच्याविषयी आदरानेच बोलत. मात्र त्यांनी तुलना करणेही सोडले नाही. परीक्षेत विचारले तर क्रॉमवेलविषयी आणि फ्रेंच राज्यक्रांतीविषयी निर्भयपणे लिहावे, पण तीच फूटपट्टी घरच्या राज्यकर्त्यांना लावू नये, ही अट त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. इतिहास शिकवणाऱ्यांनी इतिहासालाच घाबरावे, याला काय म्हणावे!

अक्कलकोट व कोल्हापूर येथील संस्थानी नोकऱ्यांनंतर १८६८ ते १८७१ या काळात रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी व इतिहास शिकवत होते. १८७१ च्या अखेरीस ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक बनले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार धास्तावले, तेव्हा संशयाची सावली रानड्यांवरही पडली. त्यांची धुळ्याला बदली झाली होती आणि त्यांची पत्रे गुपचूप फोडून पाहिली जात. निबंधाच्या वेळचाच तो अविश्वास, आता मोठ्या प्रमाणावर. पत्रांत काही निघाले नाही.

युरोपच्या इतिहासाचा त्यांनी पुढे काय उपयोग केला, हे पाहिले म्हणजे अभ्यास कशाला म्हणतात ते कळते. दख्खनचा शेतकरी सावकाराच्या विळख्यात होता. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे झाले होते. अशा काळात रानड्यांनी रशियातील भूदासांच्या मुक्तीवर निबंध लिहिला आणि प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांवरही लिहिला. १८०६ साली नेपोलियनकडून पराभव पत्करल्यावर प्रशियाने शेतकऱ्याला वेठीतून मोकळे करण्यास आरंभ केला. पुढे जमीनदाराला मोबदला देऊन शेतकरी मालक व्हावा म्हणून १८५० साली खास पतपेढ्या उभारल्या. परीक्षार्थी या सनावळीवर एक टीप लिहून मोकळा होईल. रानड्यांनी मात्र प्रशियाचा तो अनुभव बंगालच्या कुळकायद्याच्या चर्चेत आणून ठेवला. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांचा आधार घेऊन सांगितले, की इंग्लंडला मानवणारे अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

येथे थोडे विषयांतर. ज्या बिस्मार्कच्या राजकारणाकडे रानडे लक्ष देऊन पाहत असतील, त्याच राजकारणाने १८७२ साली येशूसंघीयांना जर्मनीतून हद्दपार केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा आरंभ १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनी केला होता. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप बर्नार्ड बायडरलिंडन हेही जर्मन येशूसंघीयच होते. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या दप्तरांत जर्मन नावे आढळली, तर त्यामागे युरोपच्या इतिहासाचे हे एक पान आहे.

ख्रिस्ती समाजाशी रानड्यांचा संबंध जवळचा होता, पण तो सरळ नव्हता. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत रानडे होते. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही त्यांच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात ते राहिले आणि १८९३ साली सदनातील धर्मशिक्षणाच्या वादावरून बाहेर पडले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथीयांच्या मठात, चहा घेतल्याबद्दल त्यांच्यावर व लोकमान्य टिळकांसह इतरांवर ग्रामण्य आले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. मित्रांना होणारा त्रास संपावा, एवढाच त्यांचा हेतू होता, असे त्यांचे स्नेही सांगत. पण सुधारकांना हे रुचले नाही. आम्हालाही वाटते, की शिष्यवृत्ती गमावून न डगमगणारा तरुण येथे काहीसा नमला. त्याआधी १८७३ साली विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असतानाच, वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी पुनर्विवाह केला होता, ही गोष्टही लपवण्याजोगी नाही. त्याच मुलीला त्यांनी शिकवले आणि ती पुढे रमाबाई रानडे म्हणून स्त्रियांच्या चळवळीची अग्रणी झाली.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. विद्यार्थिदशेतील तो निबंध मात्र त्यांच्या मनातून गेला नसावा. १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांची केवळ लुटारू म्हणून संभावना करणाऱ्या इंग्रज लेखकांना त्यात उत्तर आहे. राज्याच्या मुलकी संस्था उभारणारा पुरुष म्हणून त्यांनी महाराजांची तुलना नेपोलियनशी केली. ज्ञानेश्वर ते रामदास या संतांच्या कार्याची तुलना त्यांनी युरोपातील सोळाव्या शतकाच्या धर्मसुधारणेशी केली: लोकभाषेचा आग्रह, पुरोहितांच्या सत्तेला विरोध, सामान्य माणसाची प्रतिष्ठा. त्या धर्मसुधारणेकडे रानड्यांनी प्रॉटेस्टंट इतिहासकारांच्या चष्म्यातून पाहिले होते, त्यामुळे कॅथोलिक वाचकाला ही तुलना एकांगी वाटेल आणि ती तशी आहेही. परंतु ज्याची तुलना करायला मनाई झाली होती, तीच तुलना चाळीस वर्षांनी ते न्यायासनावर बसून करीत होते.

या ग्रंथाचा पहिलाच भाग त्यांच्या हयातीत निघाला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुसरा भाग लिहून व्हायचा राहिला.