रोहिणीची शिल्लक

पेणहून रोह्याच्या शाखेत बदली झाली, तेव्हा हिवाळ्यात कुंडलिकेच्या काठी तांबूस रोहिणी ठळक दिसे. ती जवळची पणती की दूरची मशाल? नुसत्या डोळ्यांना कळत नाही; गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून कुठे शिल्लक कळते!

अशा ताऱ्यांचे पासबुक उघडले वेणू बाप्पूंनी. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत, त्यामुळे मुलगा दुर्बिणीपाशीच वाढला. १९४९ साली हार्वर्डला शिकताना त्यांना धूमकेतू सापडला. १९५७ मध्ये ऑलिन विल्सन यांच्यासह त्यांनी दाखवले, की थंड ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या काळ्या रेषेच्या पोटातली उजळ रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी. गाभ्यातला हायड्रोजन संपून फुगलेल्या, रोहिणीसारख्या राक्षसी ताऱ्यांची खरी ऐपत त्यावरून काढता येऊ लागली.

एवढ्या कीर्तीवर अमेरिकेत सुखाने राहता आले असते. बाप्पू मात्र केव्हाच परतले होते. १९६० मध्ये ते कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. पुढे कावलूरच्या डोंगरात नवी वेधशाळा उभारली आणि तिथली मोठी दुर्बीण भारतातच घडवायचा हट्ट धरला. त्यात स्वतःच्या संशोधनाची किती वर्षे गेली असतील!

१९८२ च्या ऑगस्टमध्ये म्युनिकला ते वारले. वय अवघे पंचावन्न. दुर्बीण अपुरी होती. ती १९८६ साली सुरू झाली, त्यांच्याच नावाने.