पंखांच्या बळाचें माप : जेम्स डूलिटल

मनुष्याचें धाडस लोकांच्या डोळ्यांत चटकन भरतें. परंतु त्या धाडसाच्या पोटीं असलेली मोजणी सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल यांचें नांव १८ एप्रिल १९४२ रोजीं टोकियोवर झालेल्या हवाई हल्ल्यामुळें जगभर गाजलें. विमानवाहू जहाजावरून १६ बॉम्बफेकी विमानें व ८० माणसें घेऊन त्यांनीं ती मोहीम पार पाडिली. परंतु त्याच्या १८ वर्षें आधीं त्यांनीं शांततेच्या काळांत केलेलें एक काम आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. आज जीं मुलें संगणकाच्या पडद्यावर लढाऊ विमानें उडवितात, त्यांनीं तर तें अवश्य जाणून घ्यावें.

डूलिटल यांचा जन्म १४ डिसेंबर १८९६ रोजीं कॅलिफोर्निया प्रांतांतील अलामीडा येथें झाला. वडील सोन्याच्या शोधांत अलास्कांतील नोम या गांवीं गेले होते. त्यामुळें त्यांचें बालपण त्या बर्फाळ व दांडग्या वस्तींत गेलें. अंगानें ते लहानखुरे होते. परंतु मुष्टियुद्धांत त्यांनीं चांगलें नांव मिळविलें. महाविद्यालयांत ते खाणकामाचें शास्त्र शिकत होते. तोंच १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, आणि ते वैमानिक होण्यासाठीं सैन्यांत दाखल झाले. सप्टेंबर १९२२ मध्यें त्यांनीं फ्लॉरिडापासून सॅन डिएगोपर्यंत, म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, एकाच दिवसांत उड्डाण केलें. एवढी कीर्ति मिळाल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. डूलिटल मात्र १९२३ सालीं पुन्हां विद्यार्थी झाले, व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत विमानशास्त्र शिकूं लागले.

त्या काळीं एक प्रश्न सर्वांस भेडसावीत होता. लढाऊ विमान वेगानें खालीं झेप घेऊन एकदम वर उचललें, तर त्याच्या पंखांवर किती भार पडतो? पाळणा खालच्या टोंकाशीं येतांना आपण आसनांत दाबले जातों. तोच हा प्रकार, मात्र अनेक पटींनीं मोठा. या भाराचें माप गुरुत्वाकर्षणाच्या पटींत करितात, व त्या एककास ‘जी’ म्हणतात. सात जी म्हणजे विमान, वैमानिक व त्यांतील प्रत्येक वस्तु सातपट जड होणें. कारखान्यांत विमान उलटें ठेवून पंखांवर वाळूच्या पिशव्या रचीत, आणि पंख केव्हां मोडतो तें पाहत. परंतु आकाशांत खरोखर किती भार येतो हें कळल्यावांचून त्या पिशव्यांचा हिशेब अपुराच होता.

मार्च १९२४ मध्यें ओहायो प्रांतांतील मकुक फील्ड येथें डूलिटल यांनीं फोकर बनावटीच्या एका लढाऊ विमानांत भार नोंदणारें यंत्र बसविलें, आणि विमानाकडून शक्य तितक्या कठोर कसरती करून घेतल्या. कोलांट्या, गिरक्या, उलटें उड्डाण, निरनिराळ्या वेगांनीं झेप घेऊन एकदम वर येणें, कांहीं सोडिलें नाहीं. पंख तुटता तर प्राणाशींच गांठ होती.

या प्रयोगांतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली विमानाविषयीं. ज्या किमान वेगानें विमान हवेंत तरून राहतें, त्याच्या दुप्पट वेगांत तें एकदम उचललें तर भार चौपट, व तिप्पट वेगांत नऊपट होऊं शकतो, असें गणित सांगतें. डूलिटल यांचीं मापें या गणिताच्या शेंकडा ३ ते ४ इतकीं जवळ आलीं. दुसरी गोष्ट माणसाविषयीं. क्षणभर ७.८ जी भार आला तरी वैमानिकास त्रास झाला नाहीं, परंतु ४.५ जीहून अधिक भार कांहीं सेकंद टिकला, कीं त्याचें भान हरपूं लागतें. म्हणजे भार किती, एवढेंच पाहून भागत नाहीं. तो किती वेळ राहिला हेंही पाहावें लागतें.

या कार्यावर त्यांस पदवी मिळाली, व १९२५ सालीं ते डॉक्टर झाले. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं त्यांनीं आच्छादलेल्या आसनांत बसून, बाहेर कांहींही न पाहतां, केवळ यंत्रांच्या आधारें विमान उडवून पुन्हां उतरविलें. त्याच वर्षीं एडविन लिंक यांनीं बाजाच्या भात्यांवर हलणारें, जमिनीवरच उड्डाण शिकविणारें यंत्र तयार केलें. आजचे सिम्युलेटर त्याचेच वंशज होत.

आतां पाहा, डूलिटल यांचें काम येथें कसें उपयोगीं पडतें. ज्या सिम्युलेटरांत पंख कधींच तुटत नाहींत, तो शिकणाऱ्यास खोटें शिकवितो. ती संवय अंगीं जडली तर खऱ्या आकाशांत प्राणांवर बेतेल. पण ठरलेला आंकडा ओलांडतांच ज्यांत पंख गळून पडतात, तोही खरा नव्हे. विमान बांधतांना नेमलेल्या मर्यादेच्या दीडपट भारापर्यंत पंख तुटूं नये, अशी योजना सामान्यतः केलेली असते. मात्र मर्यादा ओलांडल्यावर धातु कायमचा वांकूं शकतो, व वारंवारच्या ताणानें थकून त्यास बारीक भेगा पडतात. शिवाय इंधन व बॉम्ब भरलेलें विमान रिकाम्या विमानाइतका भार सोसूं शकत नाहीं. हें सर्व जो दाखवितो, आणि भार टिकला कीं पडद्यावर अंधारी आणतो, तोच सिम्युलेटर शिक्षक म्हणविण्यास पात्र. खुर्चींत बसलेल्याच्या देहावर तो भार घालणें त्याच्या हातीं नसतें. म्हणूनच त्याचा हिशेब तरी चोख असला पाहिजे.

डूलिटल यांस स्वतःची मर्यादाही ओळखतां येत होती. १९३२ सालीं थॉम्प्सन चषक जिंकल्यावर, यशाच्या शिखरावर असतांना, त्यांनीं विमानांच्या शर्यती सोडिल्या. दुसऱ्या महायुद्धांत ते मोठ्या वायुदलांचे सेनापति झाले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांस आकाशानें अकालीं ओढून नेलें; डूलिटल मात्र वयाच्या ९६ व्या वर्षीं, २७ सप्टेंबर १९९३ रोजीं वारले.

पालकांनीं मुलांचा हा खेळ केवळ कालापव्यय समजूं नये, व विद्यार्थ्यांनींही तो केवळ खेळ समजूं नये, असें आम्हांस वाटतें. पडद्यावर विमान मोडलें तर बटण दाबून दुसरें मिळतें. पण तें कोठें मोडावें, हें सांगणारा आंकडा कोणीतरी एकदां प्राण पणास लावून आकाशांतून आणिलेला असतो. त्या आंकड्याचा मान ठेवणें, हेंच डूलिटल यांचें खरें स्मरण होय.