बाळंतिणींचा कैवारी : इग्नाझ सेमेलवाइस

हात धुणे ही किती साधी गोष्ट! जेवायला बसण्यापूर्वी आई आपल्याला हात धुवायला लावते आणि आपण कुरकुरत ते धुतो. 2020 साली कोरोनाची साथ आली, तेव्हा साऱ्या जगाला साबणाने हात धुण्याचे धडे पुन्हा गिरवावे लागले. पण याच साध्या गोष्टीचा आग्रह धरल्यामुळे एका डॉक्टरला आपले रुग्णालय सोडावे लागले, उपहास सोसावा लागला आणि अखेर मनोरुग्णालयात मरण पत्करावे लागले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्या डॉक्टरचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाच्या गोष्टींत याने कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु ही कथा केवळ वैद्यकाची नाही. शिकणाऱ्यांची, शिकवणाऱ्यांची आणि शिक्षणाच्या अहंकाराची ही कथा आहे. म्हणूनच ती आपल्या अंकात यावी असे मला मनापासून वाटले.

सेमेलवाइसचा जन्म 1 जुलै 1818 रोजी हंगेरीतील बुडा या शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट. पुढे ही दोन्ही शहरे मिळूनच आजचे बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे व्यापारी होते आणि घरची स्थिती चांगली होती. मुलाने वकील व्हावे म्हणून 1837 साली त्याला व्हिएन्नाला पाठवण्यात आले. पण तिथे त्याचे मन कायद्यात रमेना. वर्षभरातच त्याने वैद्यकाचा मार्ग धरला आणि 1844 साली तो डॉक्टर झाला.

त्या काळी व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय साऱ्या युरोपात गाजत होते. सम्राट दुसरा जोसेफ याने 1784 साली उभारलेल्या या रुग्णालयात देशोदेशीचे विद्यार्थी शिकायला येत. रोकितान्स्की हा तिथला थोर संशोधक. मेलेल्या रोग्याचे शरीर उघडून रोगाचे मूळ शोधायचे, ही त्याची पद्धत होती. श्कोडा छाती ठोकून आणि ऐकून रोगनिदान शिकवी, तर हेब्रा त्वचारोगांवर अधिकाराने बोले. अशा गुरूंच्या हाताखाली सेमेलवाइस तयार झाला. जे सांगायचे ते रुग्णशय्येवर आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर पडताळून सांगायचे, हे त्याने त्यांच्याकडूनच उचलले.

1846 साली तो याच रुग्णालयाच्या प्रसूती विभागात प्राध्यापक क्लाइन यांचा साहाय्यक झाला. या विभागाचे दोन कक्ष होते. 1840 पासून पहिल्या कक्षात फक्त वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, आणि दुसऱ्यात फक्त सुइणी शिकत. एक दिवस पहिल्या कक्षात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कक्षात, असा नेम होता. इथे येणाऱ्या बायका बहुतेक गरीब होत्या आणि कितीतरी अविवाहित. त्यांना मोफत उपचार मिळत. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्यांना त्यांच्यावर शिकू द्यायचे, असा तो व्यवहार होता.

आणि या बायका मरत होत्या. बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांत ताप चढे, पोट फुगे आणि पाहता पाहता खेळ आटोपे. हाच तो सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतज्वर. 1846 साली पहिल्या कक्षात 4,010 बाळंतिणींपैकी 459 दगावल्या, म्हणजे शेकडा 11.4. दुसऱ्या कक्षात त्याच वर्षी 3,754 पैकी 105 दगावल्या, म्हणजे शेकडा 2.8. एकच इमारत, एकच शहर, एकच हवा आणि मरणात मात्र चौपट अंतर!

इथे मी वाचता वाचता थांबलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलेला माणूस म्हणजे जाणता माणूस, अशी आमच्या घरची समजूत. माझ्या आजीची सारी बाळंतपणे गावच्या सुईणीने घरीच केली. रुग्णालयात डॉक्टरांच्या हाती ती झाली असती तर बरे झाले असते, असे आम्ही आजही म्हणतो. आणि इथे तर युरोपातल्या नामांकित रुग्णालयात भावी डॉक्टरांच्या कक्षापेक्षा सुइणींचा कक्ष अधिक सुरक्षित होता! ही गोष्ट शहरातल्या बायांना ठाऊक होती. आज पहिल्या कक्षाचा वार आहे असे कळले की त्या गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठवण्याची विनवणी करीत. कित्येकींचे मूल रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यातच जन्मे. आणि नवल असे, की रस्त्यात बाळंत झालेल्या त्या बायकांना हा ज्वर क्वचितच होई.

जाणत्या मंडळींकडे याचे उत्तर तयार होते. कोणी म्हणे हवेतील दूषित वाफा, कोणी म्हणे आकाशातील आणि भूमीतील अज्ञात शक्ती. सेमेलवाइसचा प्रश्न साधा होता. या शक्ती दोन कक्षांत भेद कसा करतात? मग त्याने एकेक शक्यता घेतली आणि खोडून काढली. गर्दीमुळे होते म्हणावे, तर सुइणींच्या कक्षातच गर्दी जास्त असे. दुसऱ्या कक्षात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून त्याने पहिल्या कक्षातही तसेच करून पाहिले. काही फरक पडला नाही. मरणाऱ्या स्त्रीला अखेरचा धर्मविधी द्यायला पाद्री येई, तेव्हा त्याच्यापुढे घंटा वाजे आणि पहिल्या कक्षात तो इतर बाळंतिणींच्या खाटांजवळून जाई. त्या घंटेच्या धसक्याने बायका मरत असतील काय? सेमेलवाइसने पाद्र्याची वाट बदलली आणि घंटा बंद करवली. तरीही मरणे थांबली नाहीत.

मार्च 1847 मध्ये तो व्हेनिसहून परतला, तेव्हा एक दुःखद बातमी त्याची वाट पाहत होती. त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का, वारला होता. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या चाकूचे टोक कोलेच्काच्या बोटाला लागले आणि त्या जखमेतून विष भिनत जाऊन त्याचा अंत झाला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि तो हादरला. बाळंतज्वराने मेलेल्या शेकडो बायकांच्या शरीरात जी लक्षणे त्याने पाहिली होती, तीच या पुरुषाच्या शरीरात होती. मित्राच्या जखमेत प्रेतातील विष चाकूने शिरले. मग बाळंतिणींच्या शरीरात ते कशाने शिरत होते?

उत्तर भयंकर होते. ते विष हातांनी शिरत होते. विद्यार्थी आणि अध्यापक सकाळी शवविच्छेदनगृहात प्रेते उघडीत आणि तेच हात जेमतेम साबणाने धुऊन प्रसूतिकक्षात येऊन बाळंतिणींना तपासत. हाताला प्रेताचा वास तसाच असे. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत, म्हणून त्यांच्या कक्षात मरणे कमी होती. त्यांची विद्या श्रेष्ठ होती असे नव्हे, त्यांचे हात स्वच्छ होते एवढेच. रुग्णालयाचे जुने आकडेही हेच सांगत होते. क्लाइनच्या पूर्वीचे प्राध्यापक बोएर विद्यार्थ्यांना प्रेतांऐवजी पुतळ्यावर शिकवीत, आणि 1784 ते 1822 या काळात शेकडा सव्वाच्या आसपासच बायका दगावल्या होत्या. क्लाइन आले, प्रेतांवरचे शिक्षण सुरू झाले आणि मरण वाढले.

आणि सर्वांत अधिक शवविच्छेदने कोण करीत होते? स्वतः सेमेलवाइस! बाळंतज्वराचे कारण शोधण्यासाठी तो रोज सकाळी मेलेल्या बायकांची शरीरे तपासी आणि मग कक्षात जाई. आपल्या हातून किती जणी मृत्युमुखी पडल्या हे देवालाच ठाऊक, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली. एवढी कठोर कबुली देणारे विद्वान जगात थोडेच असतील.

मे 1847 च्या मध्याला त्याने नियम घातला, की कक्षात येण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने, हाताचा वास जाईपर्यंत, हात धुतलेच पाहिजेत. एप्रिलमध्ये शेकडा 18 हून अधिक बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा 2.2 वर आले, तर जुलैमध्ये 1.2 वर. ऑक्टोबरमध्ये मात्र एक धक्का बसला. गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून विद्यार्थी ओळीने पुढच्या बायकांना तपासत गेले आणि बारांपैकी अकरा बाळंतिणी दगावल्या. विष केवळ प्रेतातून येते असे नाही, जिवंत रुग्णाच्या सडक्या जखमेतूनही येते, हे त्याने यावरून ओळखले आणि प्रत्येक तपासणीनंतर हात धुण्याचा दंडक घातला. 1848 साली पहिल्या कक्षातील मृत्यू शेकडा 1.27 झाले. दुसऱ्या कक्षाचे प्रमाण 1.33 होते. त्या वर्षीच्या मार्च आणि ऑगस्ट महिन्यांत तर पहिल्या कक्षात एकही बाळंतीण दगावली नाही!

एवढा पुरावा पुढे ठेवल्यावर जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. पण तसे घडले नाही. रोगाचे कारण आपल्याच हातावर आहे, हे मान्य करायचे म्हणजे आजवरच्या मृत्यूंचे उत्तरदायित्व स्वीकारायचे. ते पेलणे सोपे नव्हते. कील येथील मिखाएलिस या प्रामाणिक प्रसूतितज्ज्ञाला हे मत पटले. आपण तपासलेली आपल्याच नात्यातली एक स्त्री याच ज्वराने गेली होती, हे आठवून तो इतका खचला की 1848 साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. इतरांनी नाकारण्याचा सोपा मार्ग धरला. रोगजंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, त्यामुळे हाताला न दिसणारे काय चिकटते, हे सेमेलवाइसलाही दाखवता येत नव्हते.

यात सेमेलवाइसचाही दोष होता आणि तो मला फार जवळचा वाटतो. त्याला लिहिण्याचा तिटकारा होता. त्याच्या शोधाविषयी हेब्राने लिहिले, श्कोडाने व्याख्यान दिले, पण तो स्वतः गप्प राहिला. वैद्यकसभेपुढे तो बोलला तो 1850 साली. त्याचा ग्रंथ बाहेर पडला 1861 साली, म्हणजे शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी! हातात आकडे होते, मनात सत्य होते, पण लेखणी धजत नव्हती. मला काही सांगायचे असते आणि कागद पुढे आला की हात थिजतो, तेव्हा मला या माणसाची आठवण होते. फरक एवढाच, की त्याच्या प्रत्येक न लिहिलेल्या वर्षात कुठल्यातरी शहरात बायका मरत होत्या.

1849 साली त्याच्या नेमणुकीची मुदत संपली आणि क्लाइनने ती वाढवू दिली नाही. पुढच्या वर्षी शिकवण्याची परवानगी मिळाली, पण केवळ पुतळ्यावर! हा अपमान त्याला सहन झाला नाही. श्कोडा, हेब्रा यांसारख्या पाठीराख्यांचाही निरोप न घेता त्याने व्हिएन्ना सोडले आणि तो पेस्टला परतला. तिथल्या सेंट रोखुस रुग्णालयात 1851 पासून सहा वर्षे त्याने बिनपगारी काम केले. त्या काळात 933 बाळंतिणींपैकी फक्त 8 बाळंतज्वराने गेल्या. 1855 साली तो पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे त्याने हातांबरोबर खाटांवरच्या चादरींच्या स्वच्छतेसाठीही भांडण मांडले. 1857 साली त्याचा विवाह झाला.

पण मनात आग धुमसत होती. ग्रंथावर प्रतिकूल टीका झाली, तेव्हा त्याने युरोपातील बड्या प्राध्यापकांना उघड पत्रे लिहिली आणि त्यांना सरळसरळ खुनी ठरवले. इतकी वर्षे मुकी राहिलेली लेखणी बोलू लागली ती शस्त्र होऊन. अशा भाषेने माणसे पटत नाहीत, उलट दुरावतात. हळूहळू त्याच्या मनाचा तोल ढळला. जुलै 1865 मध्ये त्याला व्हिएन्नातील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. कारण होते जखम चिघळून रक्तात भिनलेले विष! ज्या मरणापासून त्याने हजारो बायकांना वाचवले, त्याच जातीच्या मरणाने त्याला गाठले. आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधून जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. 1879 साली पाश्चरने बाळंतज्वराचे जंतू पॅरिसच्या विद्वानांना दाखवले आणि सेमेलवाइस खरा ठरला. 1969 साली बुडापेस्टच्या वैद्यक विद्यापीठाला त्याचे नाव देण्यात आले.

मित्रहो, दोन्ही कक्षांतले मृत्यू रुग्णालयाच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे लिहिले जात होते. ती वही कुलूपबंद नव्हती. पण तिच्यातले उत्तर आपल्याच हातांकडे बोट दाखवील, या भीतीने म्हणा वा अहंकाराने म्हणा, ती कोणी नीट वाचली नाही. ज्या बायकांनी ते आकडे न वाचताच खरे ओळखले, त्यांना विचारण्याचेही कोणाला सुचले नाही. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील, कारकून होतील, कचेरीच्या खिडकीमागे बसतील. खिडकीबाहेर हात जोडून उभी असलेली एखादी अडाणी बाई काही सांगत असेल, तर ती खरे सांगत असण्याचा संभव आहे, एवढे जरी आपण या चरित्रातून घेतले तरी खूप झाले. आणि जे खरे कळले ते वेळेवर, शांतपणे, कागदावर उतरवायला शिकले पाहिजे. सेमेलवाइसला जमले नाही ते हेच.