मेथोट्रेक्सेट ते हत्तीरोगाची गोळी: या औषधांमागचे येल्लाप्रगडा सुब्बाराव कोण होते?

संधिवातावर आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, गरोदरपणात दिलं जाणारं फॉलिक अ‍ॅसिड आणि विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटली जाणारी डीईसीची गोळी. या तिन्हींचा माग काढला, तर आपण अमेरिकेतल्या एकाच प्रयोगशाळेत पोहोचतो. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव.

खादीमुळे हुकलेली पदवी

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम इथे, म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशात झाला. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकताना गांधीजींच्या प्रभावामुळे ते खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. सुब्बाराव यांना एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस पदवी मिळाली. पुढे ते मद्रासमध्येच आयुर्वेद महाविद्यालयात शिकवू लागले.

याच काळात स्प्रू या आजाराने त्यांच्या दोन भावांचा बळी घेतला. या आजारात आतड्याला अन्नातली पोषकद्रव्यं शोषता येत नाहीत. रुग्ण खंगत जातो आणि रक्त कमी होतं. त्यावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता.

हार्वर्डमध्ये मोठा शोध, पण नोकरी नाही

१९२२ मध्ये ते बोस्टनला गेले. पत्नी भारतातच राहिली आणि सुब्बाराव पुन्हा कधीच मायदेशी परतले नाहीत. पोटापाण्यासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हमाली केली.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्त आणि लघवीतलं फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. द्रावणाचा निळा रंग जितका गडद, तितकं फॉस्फरस जास्त. १९२५ ची ही पद्धत फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून ओळखली जाते. त्यानंतर या दोघांनी स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी शोधलं. एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडला होता.

इतकं करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

भावांच्या आजारावर औषध

रक्त वाढवणारा एक घटक यीस्टमध्ये असल्याचं ल्युसी विल्स यांनी आधीच दाखवलं होतं. त्यांचं हे काम मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांवरचं होतं. तो घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. ते निसर्गात अगदी थोडं मिळतं, त्यामुळे औषध म्हणून वापरायचं तर प्रयोगशाळेत बनवणं भाग होतं. सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ मध्ये ते करून दाखवलं. स्प्रूच्या रुग्णांना त्याचा गुण येऊ लागला.

शत्रूची रसद तोडणारा रेणू

पुढचं वळण अनपेक्षित होतं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखी संयुगं दिली, तेव्हा आजार उलट वेगाने वाढल्यासारखा दिसला. कारण सोपं होतं. नवी पेशी तयार होताना डीएनए बनवायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं आणि कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढत असतात.

मग उलटा विचार झाला. फॉलिक अ‍ॅसिडसारखाच दिसणारा, पण त्याचं काम अडवणारा रेणू दिला तर? लेडर्लीने असे रेणू बनवले. त्यातलं अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिलं आणि १० जणांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण औषधाने हा आजार मागे हटतो हे दिसलं. हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच कुळातल्या मेथोट्रेक्सेटने घेतली. हत्तीरोगावरचं डीईसी हे औषधही याच प्रयोगशाळेतून १९४७ मध्ये पुढे आलं.

मग नाव का माहीत नाही?

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये सुब्बाराव यांचं निधन झालं. कंपनीतलं काम मोठ्या चमूचं होतं आणि शोधनिबंधांवरच्या अनेक नावांत त्यांचं नाव फार तर एक असे. भारताने १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट काढलं. त्यांची औषधं मात्र आजही रोज लिहून दिली जातात.