डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (१७९२, बगदाद – ७ नोव्हेंबर १८६४, पुणे) हे बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर होते. बगदादच्या पाशाच्या जाचामुळे देशत्याग करून ते बुशहरमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाले. कापूस आणि चीनला जाणारी अफू यांच्या व्यापारातून त्यांनी अफाट संपत्ती मिळवली; त्यांच्या दानधर्माचा हा उगम नजरेआड करता येत नाही.

बालगुन्हेगारांची सुधारशाळा

किरकोळ चोरीत सापडलेली मुलेही त्या काळी प्रौढ कैद्यांसोबत तुरुंगात पडत. १८५० च्या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या अशा मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून एखाद्या धंद्यात ठेवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना मिळाला. मात्र त्यांना सांभाळून कसब शिकवणारी संस्था हवी होती. पत्रकार जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत १८५७ मध्ये सुधारशाळा निघाली. तिला ससून यांनी आर्थिक आधार दिला व पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. माटुंग्यातील डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच.

गुन्हेगार मुलांना तुरुंगाऐवजी २ ते ७ वर्षे सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद करणारा कायदा ब्रिटिश भारतात १८७६ मध्ये, ससून यांच्या निधनानंतर १२ वर्षांनी झाला. त्यांची समाधी पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात आहे.