विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (जन्म: १२ ऑक्टोबर १९११, मुंबई, मृत्यू: २७ ऑक्टोबर १९८७, मुंबई) हे भारताचे उजव्या हाताने खेळणारे सलामीचे फलंदाज होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची फलंदाजीची सरासरी ७१.६४ होती, दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत डॉन ब्रॅडमन यांच्यानंतर त्यांचेच स्थान मानले जाते. मात्र १९३३ ते १९५१ या १८ वर्षांत त्यांना केवळ १० कसोटी सामने खेळता आले, आणि त्यांच्या तीन कसोटी शतकांपैकी अखेरचे शतक पाच वर्षांच्या खंडानंतरच्या पुनरागमनात झाले.

प्रारंभिक जीवन

मर्चंट यांचा जन्म मुंबईतील ठाकरसी या गिरणीमालक कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला असता त्यांनी दिलेले उत्तरच आडनाव म्हणून नोंदले गेले आणि ते कायम राहिले, अशी हकीकत सांगितली जाते. सिडनॅम महाविद्यालयात शिकत असताना त्यांच्या खेळाकडे जाणकारांचे लक्ष गेले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत पहिला कसोटी सामना खेळला. राष्ट्रीय नेत्यांच्या अटकेच्या निषेधार्थ मर्चंट यांनी त्या दौऱ्यापासून दूर राहणे पसंत केले. त्यामुळे त्यांचे कसोटी पदार्पण डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबई जिमखान्याच्या मैदानावर झाले.

इंग्लंडचे दौरे आणि युद्धकाळ

१९३६ च्या मँचेस्टर कसोटीत मर्चंट (११४) आणि मुश्ताक अली यांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावांची भागीदारी केली. त्या दौऱ्यानंतर त्यांचा पुढील कसोटी सामना थेट १९४६ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट बंद पडले होते आणि मर्चंट यांची वयाची पंचविशी ते पस्तिशी, म्हणजे फलंदाजाच्या बहराची वर्षे, कसोटीविना गेली.

भारतातील क्रिकेट मात्र चालूच होते. १९४३-४४ च्या रणजी हंगामात ब्रेबॉर्न स्टेडियमवर महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. रुसी मोदी यांच्यासह सहाव्या गड्यासाठी त्यांनी ३७१ धावा जोडल्या. त्याच हंगामातील पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून त्यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर त्याच सामन्यात रेस्ट संघाच्या विजय हजारे यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. मुंबईचे मर्चंट आणि सांगलीचे हजारे यांच्यातील ही चुरस त्या काळी प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होती. रणजी स्पर्धेत मर्चंट यांची सरासरी ९८.७५ राहिली.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ओव्हल येथील कसोटीत १२८ धावांवर ते धावचीत झाले. फुटबॉलपटू म्हणूनही ख्यातनाम असलेल्या डेनिस कॉम्प्टन यांनी चेंडू पायाने यष्टीवर मारून त्यांना बाद केले होते.

पाच वर्षांचा खंड आणि दिल्ली कसोटी

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मर्चंट यांची कर्णधार म्हणून निवड झाली होती. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध खेळण्याची ही संधी पुन्हा आली नाही. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, त्या मालिकेतही ते नव्हते. अधिकृत कसोटीत भारताचे नेतृत्व करण्याचा योग त्यांना कधीच आला नाही.

२ नोव्हेंबर १९५१ रोजी दिल्लीत इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या कसोटीत ते पुन्हा भारतीय संघात उभे राहिले. वयाची ४० वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सदाशिव शिंदे यांच्या फिरकीपुढे (९१ धावांत ६ बळी) इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत संपला. भारताच्या डावात मर्चंट यांनी १५४ धावा केल्या. ती तोवरची कसोटीतील भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या होती. त्याच डावात कर्णधार हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून हा विक्रम मोडला. पंचरंगीतील या दोन प्रतिस्पर्ध्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा जोडल्या. अशा रीतीने ओव्हल आणि दिल्ली या लागोपाठच्या दोन कसोटी डावांत मर्चंट यांची शतके झाली, पण त्या डावांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर होते. कसोटी शतक करणारे सर्वांत वयस्कर भारतीय हा मानही त्यांच्याकडे गेला.

भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. ॲलन वॉटकिन्स यांच्या नाबाद १३७ धावांमुळे इंग्लंडने सामना अनिर्णित राखला. याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि पुनरागमनाची ही कसोटीच त्यांची अखेरची ठरली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा ते संघात नव्हते.

१० कसोटींत ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा, ही नोंद वाचताना हे सर्व सामने इंग्लंडविरुद्धच होते, हे ध्यानात घ्यावे लागते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर ते कौटुंबिक गिरणी व्यवसायात राहिले. राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी तरुण खेळाडूंना संधी देण्याचे धोरण ठेवले. १९७१ मध्ये त्यांच्या निर्णायक मतामुळे मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथे मालिका जिंकल्या. दृष्टिहीन व अपंग व्यक्तींना रोजगार मिळवून देण्याच्या कार्यातही त्यांनी अनेक वर्षे लक्ष घातले. क्रिकेटविषयीच्या रेडिओ कार्यक्रमामुळे त्यांचा आवाज घरोघरी परिचित होता. १६ वर्षांखालील मुलांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा विजय मर्चंट करंडक या नावाने खेळवली जाते.