मातांच्या ताटाचा शोध घेणाऱ्या विदुषी : डॉ. लूसी विल्स

रोग म्हटला की, तो बाहेरून शरीरात शिरलेला शत्रू होय, अशी आपली सामान्य समजूत असते. पटकी, प्लेग, हिवताप इत्यादी रोगांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु काही रोग असे आहेत की, ते शरीरात काही शिरल्यामुळे होत नाहीत, तर ताटात काही न आल्यामुळे होतात. कोंडा पार काढून टाकलेल्या पांढऱ्या तांदळावरच राहणाऱ्यांना होणारा बेरीबेरी हा असाच रोग. ताज्या फळांवाचून महिनोन् महिने समुद्रावर काढणाऱ्या खलाशांचा स्कर्व्ही हाही तसाच. अन्नातील ज्या सूक्ष्म द्रव्यांच्या अभावी हे रोग जडतात, त्यांना आपण जीवनसत्त्वे म्हणतो. त्यांपैकी एका जीवनसत्त्वाचा माग प्रथम लागला, तो विलायतेत नव्हे, तर आपल्या मुंबईच्या परळ भागात, गिरण्यांच्या शेजारी. आणि तो काढला डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषीने. त्यांचे चरित्र बीदर-कलबुर्गीकडील आमच्या वाचकांपुढे, आणि विशेषतः आमच्या विद्यार्थिनींपुढे, ठेवावे असे आम्हांस फार वाटते. त्याचे कारण लेखाच्या ओघात कळून येईलच.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुशिक्षित होते. मुलींनाही शास्त्रीय विषय शिकविणाऱ्या चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध शाळेत त्यांना घालण्यात आले. पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १९११ साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तथापि पदवी काही त्यांना मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांची परीक्षा घेई, पण पदवी देत नसे. हा अन्याय दूर होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. पदवीवाचून विद्या अडत नाही, हे मात्र या विद्यार्थिनीने पुढे आपल्या कर्तृत्वाने दाखवून दिले.

१९११ सालीच त्यांचे वडील वारले आणि १९१३ साली थोरली बहीणही गेली. या दुःखानंतर त्या प्रवासास निघाल्या. सिलोन पाहून त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या असता १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या रुग्णालयात त्यांनी स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचे काम केले. रुग्णसेवेचा तो अनुभव निष्फळ गेला नाही. मायदेशी परतल्यावर १९१५ साली त्यांनी लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून द्रव्य मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी निवडली ती प्रयोगशाळा. रॉयल फ्री रुग्णालयात रोग्यांच्या रक्ताची परीक्षा आणि संशोधन हेच त्यांनी आपले जीवनकार्य ठरविले.

याच सुमारास हिंदुस्थानात डॉ. मार्गारेट बाल्फर या स्त्री-वैद्य प्रसूतीत होणाऱ्या मातांच्या मृत्यूंची चौकशी करीत होत्या. गरोदर स्त्रियांना जडणारा एक भयंकर रक्तक्षय त्यांच्या ध्यानी आला होता. अशा स्त्रीचा चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालताच तिला धाप लागे, आणि पुष्कळदा प्रसूतीच्या वेळी आई व मूल दोघेही दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले असता त्यातील तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, परंतु आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी डॉ. विल्स यांना पाचारण करण्यात आले आणि १९२८ साली त्या मुंबईस आल्या.

परळ येथील हाफकिन संस्था हे त्यांचे मुख्य कार्यस्थान झाले. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ही संस्था गिरणगावाच्या अगदी मध्यावर आहे. डॉ. विल्स यांच्या कामाची रीत आम्हांस विशेष मननीय वाटते. त्यांनी केवळ काचेच्या नळ्यांवर विसंबून न राहता, रोगी स्त्रिया काय खातात व कशा राहतात याचीही चौकशी केली. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची जी पाहणी केली, ती १९३० साली प्रसिद्ध झाली. तीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसून आली. ज्या वर्गातील स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्याच वर्गात हा रक्तक्षय सर्वांत अधिक होता. रोगाचे मूळ ताटात असावे, या तर्काला त्यामुळे बळकटी आली.

परंतु तर्क आणि सिद्धांत यांत मोठे अंतर असते. ते तोडण्यासाठी त्यांनी प्रथम उंदरांना गरीब स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार देऊन पाहिले. उंदरांना रक्तक्षय झाला आणि आहारात यीस्ट मिसळताच तो टळला. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्यासाठी पिठात घालतात तो सूक्ष्म वनस्पतीचा पदार्थ. एवढ्यावर कोणी जयघोष केला असता. पण पुढे असे आढळले की, उवांमुळे पसरणारा एक रक्ताचा रोग त्या उंदरांत होता आणि त्यामुळे प्रयोगाचे निष्कर्ष गढूळ झाले होते. डॉ. विल्स यांनी हार मानली नाही. त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग केले. मध्यंतरी १९२९ साली निलगिरीतील कुन्नूर येथे आणि १९३१ साली मद्रास येथेही त्यांनी हेच काम चालविले.

त्या वेळी दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर यकृत खाण्याचा उपाय १९२६ पासून प्रसिद्ध झाला होता आणि यकृताचा शुद्ध केलेला अर्क टोचून ते रोगी बरे होत. मुंबईतील मातांना मात्र त्या शुद्ध अर्काने गुण येईना. उलट साधे, शुद्ध न केलेले यकृत दिले, किंवा यीस्टचा अर्क दिला, तर त्या बऱ्या होत! यावरून डॉ. विल्स यांनी बिनतोड अनुमान काढले. यकृतात आणि यीस्टमध्ये असे एक दुसरे द्रव्य आहे की, जे अर्क शुद्ध करताना निघून जाते, आणि मातांना उणे पडते ते हेच. ‘मार्माइट’ नावाचा यीस्टचा काळसर, खारट अर्क विलायतेत पावाला लावून खातात. मद्य तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून होणारा तो स्वस्त पदार्थ त्यांनी आपल्या रोगी स्त्रियांना दिला. थोड्याच दिवसांत त्यांना भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या आणि मरणाच्या दारातून त्या परत आल्या. यकृत महाग, शिवाय शाकाहारी स्त्रीला वर्ज्य. यीस्टला या दोन्ही अडचणी नव्हत्या. १९३१ साली त्यांनी हा शोध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या अज्ञात द्रव्याला पुढे शास्त्रज्ञ ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते द्रव्य कोणते, हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. नाव कळण्यापूर्वीच डॉ. विल्स यांनी त्याच्या साहाय्याने प्राण वाचविले. १९४१ साली अमेरिकेत कित्येक टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या शेजारच्या प्रांताचेच सुपुत्र होते. पेशींची वाढ होण्यासाठी, एका पेशीच्या दोन पेशी होण्यासाठी, हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की, अस्थिमज्जेत रक्तपेशी नुसत्या फुगतात, पण नीट विभागत नाहीत; म्हणून त्या मोठ्या आणि थोड्या दिसतात. पोटात बाळ वाढत असताना तर ही गरज फारच वाढते. भारतीय आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरविलेल्या मानाप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागते, आणि गरोदर स्त्रीला ५७०. शिवाय हे जीवनसत्त्व आधीपासून घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने सिद्ध केले.

डॉ. विल्स १९३३ साली लंडनला परतल्या. १९३७ साली समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने पाच दिवसांचा प्रवास करून त्या पुन्हा इकडे आल्या आणि काही आठवडे हाफकिन संस्थेत काम करून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बाँब पडत असता, त्या आपल्या रुग्णालयात काम करीत राहिल्या. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. पण निवृत्ती ही केवळ नावाची. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार व रक्तक्षय यांचे निरीक्षण चालू ठेवले, आणि अखेरच्या वर्षांत लंडनमधील चेल्सी येथे लोकप्रतिनिधी म्हणूनही काम केले. त्या अविवाहित होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शाळांतून आठवड्याला जी निळी गोळी मिळते, तीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या तांबड्या गोळीतही तेच. रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची उणीव हे खरे, पण त्या गोळीतील दुसरे द्रव्य परळच्या प्रयोगशाळेतून आपणांपर्यंत पोहोचले आहे. ती गोळी बाकाखाली टाकून देणाऱ्या विद्यार्थिनीने हा इतिहास एकवार आठवावा.

गोळी हा आधार झाला. खरे स्थान अन्नाचेच. या बाबतीत आपला मुलूख दरिद्री नाही. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तूर, हरभरा, मूग, शेंगदाणे, मेथी, पालक यांतून हे जीवनसत्त्व भरपूर मिळते. वेळा अमावास्येला शेतात आपण जी भज्जी खातो, तीत शेंगांचे कोवळे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजतात. पोषणाच्या दृष्टीने तिच्याहून उत्तम पक्वान्न शोधून सापडणार नाही. मात्र हे द्रव्य उष्णतेने नाश पावते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी फार वेळ शिजवू नये आणि तिचे पाणी फेकू नये.

परंतु डाळ पिकते तेथे ती सर्वांच्या ताटात पडते, असे मात्र नाही. आपल्या कित्येक घरांत पुरुष जेवतात, मग मुले जेवतात, आणि सर्वांचे उरकल्यावर घरची सून तळाशी उरलेल्या पातळ वरणावर, नाही तर चटणीशी भाकरी खाऊन उठते. पोट भरते, पण रक्त भरत नाही. डॉ. विल्स यांनी मुंबईच्या मातांच्या ताटात जी उणीव शोधली, तीच या रीतीने आपल्या स्वयंपाकघरात रोज निर्माण होते. तिच्यावरचा उपाय शोधण्यास प्रयोगशाळा नको. आई, वहिनी आणि बहीण यांची ताटे आपल्याच पंगतीत मांडली आणि वरणाची पहिली वाटी त्यांना वाढली, म्हणजे पुरे. आमच्या बालवाचकांनी आज रात्रीच्या जेवणापासूनच याचा आरंभ करावा.